माझ्याकडे द्या

२ फेब्रुवारी, सोमवार

पांढरकवड्यात पोचले. नागपूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या शेतांत पऱ्हाटीचे सांगाडे उभे होते, आणि मधेच एखादा पळस फुलायला लागलेला. पुण्यातून निघताना उदास वाटेल असं धरून चालले होते. तसं झालं नाही. उलट बसमध्ये स्वतःशीच हसले. असं फार वेळा होत नाही, म्हणून नोंद करते.

आजपासून मी टीम लीड. आजवर कोड लिहिला, आता कोड लिहिणाऱ्यांना सांभाळायचं. ऑफिस हायवेला लागून आहे. हैदराबादकडे जाणारे ट्रक दिवसभर समोरून धडधडत जातात आणि त्यांतल्या कित्येकांचा माग आमचंच सॉफ्टवेअर ठेवतं. गाडी कुठे आहे, कुठे थांबली, हे मालकाला घरबसल्या दिसतं. खाली ऑफिस, वर कंपनीने मला दिलेली खोली. खोलीचा जिना मागच्या अंगणात उतरतो.

माझी निवड कमलाकर सरांनी केली. ते पुण्यात माझे वरिष्ठ, मूळचे याच भागातले. ही शाखा त्यांनी उभी केली आणि पहिले लीडही तेच होते. त्यांच्यानंतर साकेत नावाचा कुणी होता, तो जास्त पगारावर बंगळुरूला गेला म्हणे. सरांनी घरी कोण कोण असतं विचारलं होतं. आई नाही, वडिलांशी बोलणं नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मोकळ्या मनाने जाता येईल. मलाही तेच बरं वाटलं.

टीम लहान आहे. नेमसिंग सगळ्यांत मोठे, जवळच्याच तांड्यावरून मोटरसायकलने येतात. ऋतिक यवतमाळचा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. मैत्रेयी सगळ्यांचं काम तपासते. ती इथलीच, माझ्याहून थोडी मोठी असावी. संध्याकाळी तिने घरून भरीत आणि कळण्याची भाकरी आणून दिली आणि मी पहिला घास खाईपर्यंत दारात उभी राहिली. नेमसिंग म्हणाले, "मॅडम, पुण्यात ऊन नसते काय? इथलं एकदा पाहाल तं पुण्याच्या उन्हाले सावली म्हणसान." सगळे हसले. मीसुद्धा.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळची उभी बैठक मागच्या अंगणात होते. सर्वांनी गोल उभं राहायचं, काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, एवढं सांगायचं. पुण्यात हे खोलीत चालायचं. इथे ही पद्धत सरांनीच पाडली आणि पुढेही मोडू नये असं त्यांनी मला निघताना सांगितलं होतं. अंगणात जुन्या डांबराचा एक तुकडा आहे, तीन बाजूंनी निमुळता होत कंपाउंडच्या भिंतींपर्यंत गेलेला. बाकी सगळी माती. बैठक त्या डांबरावर होते. सकाळी तिथे कडुनिंबाची सावली असते.

सरांनी मला एक वाक्य शिकवून पाठवलं आहे. लीडने स्वतः काम करायचं नसतं, दुसऱ्याच्या वाटेतलं उचलायचं असतं. कुणी अडचण सांगितली की कारण विचारत बसू नकोस, उपदेश नकोस, फक्त म्हण, माझ्याकडे द्या. पुण्यात त्यांनी माझ्याकडून याचा सराव करून घेतला होता. मला ते तेव्हा नाटकी वाटलं.

आज वापरून पाहिलं. ऋतिकला सर्व्हरवर परवानगी मिळत नव्हती. म्हटलं, माझ्याकडे दे. दुपारपर्यंत परवानगी मिळवली. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. कोड दुरुस्त केला तर कोड असा चेहरा करत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कोड न लिहिता दिवस संपला की काही केलंच नाही असं वाटतं. ऋतिकने एक काम तीन फेऱ्यांत केलं, मी ते एका फेरीत केलं असतं. हात मागे बांधून बसले. हे कठीण आहे. कोड चुकला तर चुकलो म्हणून सांगतो, माणसं सांगत नाहीत. त्यामुळे ऐकायला शिकते आहे.

आज ऋतिक दाढ ठणकते म्हणून गाल धरून उभा होता. स्क्रीनकडे बघवत नाही, हीच आजची अडचण, म्हणाला. मी थट्टेनं म्हटलं, तीही माझ्याकडे दे. मी बैठकीत थट्टा करण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून सगळे गप्प झाले असावेत. नेमसिंग जमिनीकडे बघत राहिले.

दुपारी ऋतिक फरसाण खात होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दाढ दुखते आहे. उजवीकडची, खालची. इथल्या दंतवैद्याकडे जाऊन आले. एक्स-रे काढला. दात उत्तम आहे म्हणाले, दुखायला काही कारण नाही. कारण नाही हे वाक्य मला आवडत नाही. गोळ्या दिल्या आहेत.

योगायोग. नोंद फक्त नोंद म्हणून.

६ मार्च, शुक्रवार

नेमसिंगांचा गुडघा जुन्या अपघातापासून आखडलेला. बैठकीत त्यांनी तो सांगितला. मोटरसायकल चालवणं होत नाही, घरून काम करू का, असं विचारत होते. मी म्हटलं, ती अडचण माझ्याकडे द्या, हवं तेवढे दिवस घरून करा. मला कामाच्या जागेची अडचण म्हणायची होती.

ते घरी गेले नाहीत. दुपारी माझ्या खोलीपर्यंत जिना चढून आले, दोन-दोन पायऱ्या ओलांडत. बायकोने दिलेले तिळाचे लाडू द्यायला. डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं नाही.

संध्याकाळी जिना उतरताना माझा गुडघा मुडपेना.

खाली मैत्रेयी ऋतिकवर चिडलेली ऐकू आली. "एवढ्याशा दाढेसाठी? अक्कल आहे का तुले? मॅडमले प्रत्येक गोष्टीसाठी वापरू नोको." त्यावर तो म्हणाला, "मंग काय लोणचं घालू तिचं?" मैत्रेयीने त्याला ऑफिसबाहेर काढलं. माझ्यासाठी कुणी असं भांडलेलं मला आठवत नाही. शाळेतसुद्धा नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा

सुट्टी. तिघांच्याही घरून जेवण आलं. पुरणपोळी, पातोडीची रस्सा भाजी, गोळाभात. एकटी माणूस किती खाणार? कमलाकर सरांचा फोन आला. शाखेचं काम सगळ्या शाखांत वर गेलं आहे, रजा जवळजवळ कुणी घेतच नाही, तू जन्मजात लीड आहेस, म्हणाले. मला आनंद झाला. तो खोटा नव्हता, म्हणून लिहून ठेवते.

गेल्या आठवड्यात ऋतिकच्या वडिलांना खोकल्याने झोप नव्हती, त्यांना नागपूरला न्यायला रजा हवी होती. म्हटलं, काम माझ्याकडे दे. नंतर रजा नको म्हणाला, बाबा बरे आहेत.

खोकला मला आहे. डॉक्टर म्हणतात छाती स्वच्छ.

३१ मार्च, मंगळवार

आज एक गोष्ट तपासली. तीन घटना एका रांगेत आल्या की त्याला योगायोग म्हणणं हा आळस असतो. सदोष प्रोग्राम हाती आला की आपण एकेक गोष्ट बदलून पाहतो, तेच केलं.

ऋतिकला सकाळपासून उचकी लागली होती. नेमसिंग म्हणत होते, "कोण आठवण काढून राह्यलं रे तुही? नाव सांग, लग्न लावून देतो." बैठक आत, ऑफिसात घेतली. उचकीची अडचण माझ्याकडे दे, म्हटलं. सगळे हसले, त्याची उचकी चालू राहिली. मग सगळ्यांना अंगणात नेलं, डांबराच्या बाहेर मातीवर उभं केलं आणि तेच वाक्य म्हटलं. उचकी चालू. मग डांबरावर. मी काहीच बोलले नाही. उचकी चालू.

मग म्हटलं, माझ्याकडे दे.

त्याची उचकी शब्दाच्या मध्यावर थांबली. माझी सुरू झाली. इतकी लगेच की क्षणभर मला हसू आलं.

मी म्हटलं, ऋतिक, मला उचकीची अडचण आहे. घेतोस?

त्याने ओठ मिटून घेतले. लहान मुलं औषध पाहून मिटतात तसे. मी नेमसिंगांकडे वळले. त्यांची नजर जमिनीवर. मैत्रेयीकडे पाहिलं. तीही गप्प, तोंडावर पदर. तिघंही गप्प, एकाच वेळी, कुणीही कुणाला खूण न करता.

त्यांना माहीत आहे. माझ्या आधीपासून माहीत आहे.

१ एप्रिल, बुधवार

बैठक रद्द केली. मैत्रेयीला खोलीत बोलावून विचारलं. ती आधी रडली. मी थांबले. मग तिने सांगितलं.

हायवे रुंद होण्याआधी इथे तिठा होता. दोन गावांच्या वाटा जुन्या रस्त्याला इथेच मिळायच्या. घरात कुणाला बरं नसलं की ओवाळून काढलेला उतारा याच तिठ्यावर आणून ठेवत. लिंबू, नारळ, जुन्या लुगड्याची चिंधी. पुढे रस्ता सरकला, तिन्ही वाटांवर भिंती आल्या, आणि तिठा कंपनीच्या आवारात राहून गेला. मैत्रेयीचे वडील शिक्षक, असल्या गोष्टींचे कट्टर विरोधक. उताऱ्यातला नारळ ते उचलून आणत आणि फोडून मुलांना खोबरं वाटत. त्यांना कधी काही झालं नाही. कारण नारळ उचलून काही होत नाही, ती म्हणाली. तिथे उभं राहून कुणी दुखणं सांगितलं आणि तुम्ही ते घेते म्हणालात तरच. इथल्या पोराला बोलायच्या आधी हे कळतं. तिठ्यावर कुणी काही दिलं तर तोंड उघडायचं नाही.

कमलाकर सरांना हे माहीत आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, बैठक तिथे घ्यायची त्यांनीच ठरवलं. लहानपणी ऐकलेलं त्यांना खरं वाटत नव्हतं, पण बैठकीत कुणाचा तरी ताप त्यांच्याकडे आला तेव्हा पटलं. तो ताप उतरला तसे ते पुण्याला गेले आणि साकेतला पाठवलं. बाहेरचा, न जाणणारा.

उतारा ओलांडायचा नसतो, हे माझ्यासारख्या चिंचवडच्या माणसालाही माहीत असतं. आई आम्हांला हाताला धरून वळसा घालून न्यायची. उतारा घ्यायला पगार देऊन माणूस नेमतात, हे माहीत नव्हतं.

आणि तू, मी विचारलं. तू कधी काही दिलं नाहीस. ती म्हणाली, नाही. तुम्हांला मी कसं देईन?

मी तिचा हात धरला. मी सहसा कुणाचा हात धरत नाही.

६ एप्रिल, सोमवार

जुन्या नोंदींतून साकेतचा नंबर काढला. फोन त्याच्या बहिणीने उचलला, वर्ध्याहून. तो बंगळुरूला कधीच गेला नव्हता. दिवाळीपासून तिच्याकडे आहे. माणसं ओळखत नाही, चमच्याने भरवावं लागतं. कशाने झालं, कुणी सांगू शकत नाही. ती म्हणाली, टीममधलं कुणीतरी त्याला भेटायला येईल असं तिला वाटत होतं.

नेमसिंगांना विचारलं, साकेतला शेवटी काय दिलंत? मोटरसायकलची किल्ली खिशात ठेवली. मग म्हणाले, "माह्या मायचं डोकं फिरलं होतं मॅडम. ती आता ठीक हाय. नातवंडं सांभाळून राह्यली." आणि माझ्यापुढे हात जोडले. मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. माझी आई असती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न आला. तो पुसून टाकला.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. मैत्रेयीने घरी बोलावलं. गल्लीभर निळ्या पताका, मोठ्या आवाजात गाणी, खीर. तिथे तिची मुलगी पहिल्यांदा पाहिली. यशोधरा, यशू म्हणतात. पहिलीत आहे. आजवर आत्याकडे वणीला होती म्हणे. हातपाय काडीसारखे, दंडावर निळे डाग. माझ्या मांडीवर येऊन बसली आणि पुण्यात समुद्र आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर निराश झाली. मग कायले राहता तिथं, म्हणाली.

काय झालं आहे तिला, मी विचारलं. मैत्रेयी रक्ताचं काहीतरी म्हणाली आणि विषय बदलला. नागपूरचे डॉक्टर आता फार बोलत नाहीत.

घरात एवढं असून हिने मला एक शब्द सांगितला नाही. इथे एक तरी माणूस सरळ आहे.

२० एप्रिल, सोमवार

ठरवलं. अडचण वर द्यायची असते, हा कंपनीचाच नियम. मी त्यांची घेतली, माझी सरांनी घ्यायची. फोनवर सगळं सांगितलं. ते चकित झाले नाहीत. मी येतो म्हणाले. समोर बोलू. माझ्याकडे दे, सगळं.

फोनवर ते चालत नाही. पण ते येणार आहेत.

२४ एप्रिल, शुक्रवार

सर आले. पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट. माझ्यासाठी औषधं आणली होती, खोकल्याचं चाटणसुद्धा. मी किती खंगले, म्हणाले. त्यांचा स्वर खरा होता, तेही नोंदवते.

त्यांना अंगणात नेलं. मी डांबरावर उभी राहिले. म्हटलं, दाढ, गुडघा, खोकला, या माझ्या अडचणी आहेत. घेता?

हो, म्हणाले. माझ्याकडे दे.

काहीच झालं नाही. मला खोकला आला. मी खाली पाहिलं. त्यांचे बूट मातीत होते. डांबराच्या कडेपासून वीतभर बाहेर, दोन्ही टाचा जुळवून.

मी म्हटलं, सर, एक पाऊल पुढे या.

ते हसले. दुःखी हसू. म्हणाले, सगळीकडे असंच असतं अनघा. प्रत्येक टीममध्ये कुणीतरी एक असतो, सगळ्यांचं त्याच्यात साचतं, मग तो मोडतो. इथे ते फक्त दिसतं. आणि बघ ना, आमची माणसं टिकतात.

त्यांनीच मला वाक्य शिकवलं. पुण्यात, काचेच्या खोलीत, दोन कप चहा मागवून. पुन्हा म्हण, म्हणाले होते. आणखी सहज म्हण.

२७ एप्रिल, सोमवार

बैठक घेत नाही. जिन्याचं दार आतून लावून घेतलं. निघायचं आहे, पण खोकल्याने उभं राहवत नाही, ताप आहे. थोडं बरं वाटलं की पहिली बस.

खाली अंगणात ऋतिक आणि मैत्रेयी भांडत होते. खिडकी उघडी होती. तो म्हणत होता, "आमाले दाढेसाठी शिव्या देत होती नं तू? आता सांग सगळ्यांले, कोणासाठी वाचवून ठेवली होती मॅडम? एक माणूस किती पेलते, हे तुलेच माहीत होतं!"

मैत्रेयीने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं.

यशूसाठी.

२८ एप्रिल

ती वर आली. दाराबाहेर बसून बोलली, मी आत. लीड म्हणून पाठवायच्या यादीत आम्ही पुण्याच्या तिघी होतो. सरांनी निवड तिच्यावर सोडली होती. बाकी दोघींच्या घरी लहान मुलं होती. म्हणून तिने माझं नाव सांगितलं. कुणाच्याही लेकराची आई जाऊ नये, एवढंच पाहिलं, म्हणाली. ती हे चांगुलपणा म्हणून सांगत होती. तिला खरंच तसं वाटतं.

भरीत आणलं तेव्हाही? मी विचारलं.

तेव्हाही, म्हणाली. पण भरीत मनापासून केलं होतं.

दात, गुडघा, खोकला यांचं मला काही नाही. तेव्हा मी तिचा हात धरला होता, ते

३० एप्रिल

वाक्य आपोआप येतं. दूधवाला दारातून म्हणाला, सुट्टे नाहीत. मी म्हटलं, माझ्याकडे द्या. तो बघत राहिला. बँकेतून फोन आला, त्यांची सिस्टीम बंद होती. माझ्याकडे द्या. तोंडाला सवय लागली आहे. स्वतःशी बोलतानासुद्धा. काल आरशात

आता बोलत नाही. चिठ्ठ्यांवर लिहून देते.

२ मे

डॉक्टर म्हणाले ताप उतरेल. उतरला. परवा बस आहे. ऑटोवाल्याला सांगितलं आहे — लिहून.

वर्ध्याला उतरून साकेतला भेटायचं. त्याला ओळख पटणार नाही. तरी.

४ मे, दुपार

बॅग भरून तयार. ऑटो समोर उभा आहे, हॉर्न वाजवतो आहे. जिना उतरला की अंगण, अंगण ओलांडलं की फाटक.

यशू डांबरावर बसली आहे.

ऊन डोक्यावर. कडुनिंबाची सावली आता पार भिंतीकडे गेली आहे. डांबर वितळल्यासारखं चमकतं. पायांत चप्पल नाही. तिला बसून राहा म्हणून सांगितलं असणार, ती तशीच बसली आहे, हात मांडीवर.

बाकीचे सावलीत. नेमसिंग, ऋतिक, मैत्रेयी. भिंतीला टेकून, मातीवर. कुणी आत जात नाही. मैत्रेयीने तोंडावर पदर दाबून धरला आहे, पण ती वर बघते आहे, माझ्या खिडकीकडे. सगळेच वर बघताहेत.

खिडकीतून ओरडले, तिला उचला. कुणी हललं नाही.

नुसती एक पोरगी. पेलेल त्याने पेलावं. माझा काय संबंध. फाटकापर्यंत कडेकडेने, मातीवरून जायचं, मान खाली घालून, ऑटोत बसायचं, बस. त्यांनी मला निवडलं. माझी वाट कुणी बघत नाही म्हणून निवडलं. मी का —

ती कलंडली. एका कुशीवर. गाल डांबराला लागला आहे.

मैत्रेयी ओरडली, पण जागची हलली नाही. तिला माहीत आहे मी हलणार. सगळ्यांना माहीत आहे. सरांना पुण्यात काचेच्या खोलीतच माहीत होतं.

ठीक आहे. जाते. उचलायचं, सावलीत ठेवायचं, चालायला लागायचं. ओठ मिटून. तिने पाणी मागितलं तरी नाही. दुखतं म्हणायला तिला शिकवलं असेल, ती म्हणेल — डोळे उघडून, त्या बारीक आवाजात — आणि मी एक शब्दही, काहीही झालं तरी, मी फक्त तिला उचलून